परत आलेलं लाल रक्त

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सरांचे सांगतो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आम्ही पोरांनी ते कधी तोंडाने घेतलंच नाही. किनवट तालुक्यातल्या आमच्या निवासी शाळेत ते विज्ञान शिकवत, वसतिगृहही सांभाळत, आणि आमच्या दृष्टीने जगात सर म्हणजे तेच एक होते. त्यांच्या पत्नीला आम्ही बाई म्हणायचो. बाई शाळेच्या नोकरीत नव्हत्या, पण वसतिगृहाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या, आणि त्यांचा अर्धा दिवस आमच्यातच जायचा.

माझे वडील बांबू तोडायला जात, आई तेंदूपत्त्याला. आमच्या वस्तीतून शाळा पूर्ण करणारा मी पहिला. मी पुढे शिकलो, नांदेडला डॉक्टर झालो, ते सगळं सरांमुळे, असं म्हटलं की लोकांना वाटतं त्यांनी फी भरली असेल किंवा ओळख लावली असेल. तसं काही नव्हतं. सरांची एक पद्धत होती. संध्याकाळी ते आम्हाला एकेकाला मागच्या ओट्यावर बोलवायचे. तिथे बाई डाळ निवडत बसलेल्या असायच्या. आज वर्गात जे झालं ते बाईंना सांगायचं. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या, माहेर उदगीरकडचं, घरात कानडी. त्या ताटातली नजर वर न करता ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, “तिळीलिल्ला.” म्हणजे कळलं नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. बाईंना कळलं की धडा झाला. मी झाडाच्या पानात अन्न कसं तयार होतं हे त्यांना चार संध्याकाळी सांगत होतो असं आठवतं. पाचव्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, “असं साधं होतं तर आधीच का नाही सांगितलं?” सर आत वर्तमानपत्र वाचत होते, ते मोठ्याने हसले.

सर निवृत्त होऊन लातूरला आले तरी ही पद्धत सुटली नाही. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. ते फोन स्पीकरवर टाकायचे आणि म्हणायचे, “बाई बसल्यात. सांग, या आठवड्यात काय नवीन?” मी नांदेडला भूलशास्त्राचं पुढचं शिक्षण घेत होतो. एका आठवड्यात मला सेमिनारसाठी विषय आला होता: रक्ताला पर्याय. मी तो बाईंना सांगितला. आपल्या रक्तात लाल पेशी असतात, त्यांच्या आत हिमोग्लोबिन असतं, आणि ते फुप्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचवतं. शास्त्रज्ञांनी ते हिमोग्लोबिन पेशीबाहेर काढून, शुद्ध करून, त्याचा द्रव बनवून पाहिला. त्याला रक्तगट जुळवायला लागत नाही. किनवटच्या एखाद्या आरोग्य केंद्राच्या कपाटात तो ठेवता येईल आणि बाळंतपणात रक्त गेलेली बाई नांदेडला पोचेपर्यंत तग धरेल, असं स्वप्न होतं. पण पेशीबाहेरचं मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या आवळतं. रक्तदाब वाढतो, हृदयावर, मूत्रपिंडावर ताण येतो. अनेक प्रयोग थांबवावे लागले. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांनाही ते देऊन पाहिलं गेलं. रक्तदाबाचा आकडा चढला, पण त्याने माणसं जास्त वाचली असं काही दिसलं नाही.

बाईंना सगळं कळलं. शेवटी त्या म्हणाल्या, “म्हणजे अजून झालं नाही.” मी म्हणालो, अजून झालं नाही.

सरांनी मात्र त्यातला पहिला भाग जपून ठेवला. कौतुकात माणूस तसंच करतो. इस्लापूरला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, त्याला मी जाऊ शकलो नाही. तिथे सरांनी भाषणात सांगितलं की आपला एक विद्यार्थी रक्ताच्या पर्यायाचा अभ्यास करतो आहे. टाळ्या पडल्या. ते भाषण इस्लापूरहून उमरीला पोचेपर्यंत त्याचं असं झालं होतं की मी नांदेडात रक्त बनवतो.

पुढे मी लातूरच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात नोकरीला लागलो. सरांचं घर जवळच. रविवारचा फोन तरीही फोनवरच व्हायचा. घरी गेलो की बाई बोलू देत नसत, जेवायला वाढत.

बाईंना बरीच वर्षं साखरेचा आजार होता. उन्हाळ्यात त्या गच्चीवर कुरडया वाळत घालायला अनवाणी गेल्या आणि तळपायाला फोड आला. साखरेच्या रुग्णाच्या पायाला संवेदना कमी असते, त्यामुळे त्यांना दुखलं नाही. त्यांनी हळद लावली, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि वर मोजा घातला. सरांनी विचारलं तेव्हा टाच फुटली आहे म्हणाल्या. मग ताप आला. मग एके दिवशी त्या सरांना भलत्याच नावाने हाक मारायला लागल्या, तेव्हा ताईंनी त्यांना रिक्षात घालून आमच्याकडे आणलं. ताई म्हणजे सरांची मुलगी, लातुरातच एका शाळेत शिकवतात. मी वसतिगृहात होतो तेव्हा त्या कॉलेजात होत्या.

पट्टी सोडली तेव्हा मी खोलीत होतो. वरून जखम लहान होती. तिच्याभोवतीची कातडी जांभळी पडली होती आणि बोटाने दाबली तर आत हवा भरल्यासारखी चुरचुर लागत होती. संसर्ग पोटरीत चढला होता. रक्तदाब लागत नव्हता. हातपाय गरम, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटलेली. जंतूंचं विष रक्तात उतरून सगळ्या अंगाने बंड केलं की ही अवस्था येते. आम्ही तिला सेप्टिक शॉक म्हणतो. सलाइन, अँटिबायोटिक, रक्तदाबाचं औषध, सगळं एका वेळी चालू केलं. मानेच्या मोठ्या शिरेत नळी घालायची होती. बाईंच्या गळ्यात इष्टलिंग होतं, चांदीच्या डबीत, दोऱ्याने बांधलेलं. सिस्टरांनी ते काढून नातेवाइकांच्या हाती द्यायला घेतलं तर शुद्धीबिद्धी काही नसलेल्या बाईंचा हात आपोआप वर आला आणि त्यांनी ते मुठीत धरलं. लिंगायत माणसाच्या अंगावरून लिंग उतरत नाही, हे मला वसतिगृहापासून माहीत होतं. आम्ही डबी काढली, लिंग स्वच्छ कापडात गुंडाळून त्यांच्या डाव्या दंडाला बांधलं, आणि मग नळी घातली.

बाहेर आलो तर सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, रक्त किती लागेल. मी सांगितलं, सध्या लागणार नाही, हिमोग्लोबिन नऊच्या वर आहे, तेवढ्याला आम्ही रक्त देत नाही. त्यांनी मान हलवली. पण आमच्याकडे माणूस गंभीर झाला की नातेवाइकांना करण्यासारखं एकच काम असतं, ते म्हणजे रक्त देणारे गोळा करणं. त्याशिवाय आपण काही केलं असं कुणाला वाटत नाही. सरांनी फोन आधीच केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक जीप दारात उभी राहिली. इस्लापूर, किनवट, उमरी, कुठून कुठून बसून आले होते. जीप माझ्याच वर्गातल्या मित्राची, तो इस्लापूर-किनवट सवारी मारतो. उतरल्या उतरल्या त्याने मला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

“काय डॉक्टर, बाईला तुझंवालं देऊन राहिला का न्हाई अजून?”

माझंवालं काय ते मला कळेना.

“रक्त बनवून राहिला म्हणं तू. सरानं सांगितलं की मेळाव्यात. आमी म्हणलं, त्याचं तयार झालं असंल तर ठीक, न्हाई तर आमचं हायच की गावठी.”

मी सांगितलं, मी काही बनवत नाही, तसं रक्त कुणाकडेच नाही.  तो म्हणाला, “मंग आमचंच घे. समदे उपाशी आलोत.” रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं असा त्यांचा सगळ्यांचा समज. साखर तपासायला उपाशी बोलवतात, तसंच हेही असेल, असं कुणीतरी ठरवलं आणि एवढ्या लांबून येताना कुणी चहासुद्धा घेतला नव्हता. रक्तपेढीतल्या सिस्टरांनी त्यांना आधी हाकलून केळी-पोहे खायला लावले. तरी एक जण, आता ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, सुई बघूनच आडवा झाला. बाकीच्यांनी त्याला पाणी मारत, “याला आधी चढवा,” असं चालवलं होतं. त्यांचं रक्त घेतलं गेलं. ते बाईंसाठी लागलं नाही, पेढीत जमा झालं. ही गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली नाही. ते हसत होते आणि मधूनमधून वर आमच्या मजल्याकडे बघत होते.

त्याच दिवशी भेटीच्या वेळेला सर आत आले. मी बाईंच्या मानेतल्या नळीतून रक्ताचा नमुना घेत होतो. सगळ्या अंगातून फिरून, प्राणवायू देऊन हृदयाकडे परत निघालेलं रक्त तिथे सापडतं. निरोगी माणसात ते काळपट असतं, जांभळासारखं. बाईंच्या नमुन्याने सिरिंज भरली ती लालभडक. धमनीतून काढल्यासारखी.

सर माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांचा चेहरा जरा उजळला. “रंग चांगला आहे रे,” ते म्हणाले.

 मी मशीनमध्ये नमुना घातला, उत्तर आलं. परत आलेल्या रक्तात जवळजवळ गेला तेवढाच प्राणवायू शिल्लक होता. आणि रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे प्राणवायू न वापरता पेशी कशाबशा जगताना जे आम्ल साठतं ते, सकाळपेक्षा वाढलं होतं. दारात प्राणवायू आणि आत उपासमार.

मी सरांना बाहेर बाकावर बसवलं. त्यांना खोटं सांगता येत नाही, आणि अर्धवट सांगितलेलं ते चालवून घेत नाहीत.  मग एकदम आठवलं आणि मी विचारलं, “सर, गोवराचं वर्ष आठवतं?”

त्या वर्षी वसतिगृहातली निम्मी पोरं अंथरुणात होती. मोठी पोरं ताटं वाढून खोल्यांत नेऊन द्यायची. सरांना काळजी की आजारी पोरांना अन्न कमी पडतंय, म्हणून त्यांनी आचाऱ्याला भात वाढवायला सांगितलं. भात वाढला. ताटं जात राहिली आणि भरलेलीच परत येत राहिली. तेव्हा बाईंनी आचाऱ्याला थांबवलं होतं.

सर लगेच म्हणाले, “ती म्हणाली होती, भात कमी नाही, खाणारं तोंड नाही.”  मग स्वतःच म्हणाले, “म्हणजे रक्त ताट घेऊन जातंय, आणि तसंच घेऊन परत येतंय. म्हणून लाल.”

“हो सर.”

“आणि पोरांचं रक्त दिलं तर?”

“वाढपी वाढतील, सर. खाणारं तोंड उघडणार नाही.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “आणि ते? तू सांगितलं होतंस ते, बनवलेलं?”

इथे मी त्यांनीच शिकवल्याप्रमाणे पूर्ण सांगायला गेलो. म्हणालो, तेही वाढपीच. मात्र अंगाने फार लहान. अशा आजारात सर्वांत बारीक रक्तवाहिन्या सुजून, गुठळ्यांनी बंद होतात, तिथे लाल पेशी अडकते. हा द्रव तेवढ्या अरुंद बोळातूनही जाऊ शकेल असं काही जणांना वाटतं. पण बोळाच्या टोकाला घरातली माणसंच आजारी असतील, पेशींच्या आत प्राणवायू जाळणारी यंत्रणाच बंद पडली असेल, तर तो दारात जाऊन काय करणार? शिवाय त्याचे धोके आहेत, आणि आपल्याकडे तो वापरातच नाही.

हे सगळं खरं होतं. पण सरांनी त्यातला बोळ धरला. “अरुंद बोळातून जातं म्हणतोस. म्हणजे थोडा तरी उपयोग.” आणि ते उठले, ताईंना म्हणाले, हैदराबादला फोन लाव. त्यांचा एक चुलतभाऊ तिकडे औषधांच्या व्यापारात होता.

आमच्या रुग्णालयाचे मोठे सर्जन त्याच वेळी येऊन गेले होते. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. विष पायातून येतंय, पाय आज काढला तर आशा आहे, उद्या कदाचित नसेल. गुडघ्याच्या वरून काढावा लागणार होता. ताई सही करायला तयार होत्या, पण अप्पांना, म्हणजे सरांना, विचारल्याशिवाय त्यांचा हात चालेना. सर म्हणत होते, एक फोन होऊ दे, ते औषध मिळत असेल तर बाईंना ॲम्ब्युलन्सने तिकडे नेऊ, पाय राहील. चुलतभाऊ फोन उचलत नव्हता. मी घड्याळ बघत होतो आणि बाईंच्या गुडघ्यावरची निळी जाळी मांडीकडे सरकत होती.

मी सरांना म्हणालो, हैदराबादचा रस्ता बाईंना झेपणार नाही. त्यांनी ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे माझ्याकडे बघितलंच नाही, फोनकडे बघत राहिले. आयुष्यात मी त्यांच्याशी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही, पण त्यांच्या हातातला फोन मी काढून घेतला.

“सर, तिकडे काही नाही. जगात कुठेही आज ते औषध बाईंसाठी नाही. वाट बघू नका.”

“तुझी आई असती तर?”

“सकाळीच कापायला सांगितलं असतं.”

ताई रडायला लागल्या. सर खाली बसले. म्हणाले, “तिला चालायला लई आवडतं रे.” सर अशी बोली आमच्याशी कधी बोलत नसत. मग त्यांनी ताईंना सही करायला सांगितलं.

भूल मीच दिली. दुसरं कुणी देऊ शकलं असतं, पण ताई म्हणाल्या तूच दे. शस्त्रक्रिया चांगली झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मानेतल्या नळीतून नमुना घेतला तर तो गडद निघाला. पूर्ण काळा नाही, पण जांभळट. लॅक्टेट उतरलं होतं. मी सिरिंज घेऊन तसाच बाहेर गेलो. असं करायचं नसतं. जीपवाला मित्र सरांजवळ बसला होता. सरांनी सिरिंज उजेडाकडे धरून पाहिली.

“काळं आहे,” ते म्हणाले. “खाल्लंय तिने.”

मित्राला काही कळलं नाही. काळ्या रक्ताकडे बघून हे दोघे हसतात काय, असा त्याचा चेहरा होता. सरांनी त्याला सगळं समजावलं, ताट, वाढपी, तोंड. बोलता बोलता त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी आत गेलो.

त्या दिवशी दुपारपर्यंत बाईंचे डोळे उघडे होते. तोंडात श्वासाची नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं. सरांनी हात धरला तेव्हा त्यांनी दंडाकडे बघितलं, लिंग आहे ना म्हणून. सरांनी त्यावर बोट ठेवून दाखवलं.

पण लघवी वाढली नाही, म्हणजे मूत्रपिंडं अजून बंदच होती. पेशींनी एकदा घास घेतला तो बहुधा तेवढाच. दुसऱ्या दिवशी रक्तदाबाची औषधं पुन्हा वाढवावी लागली, डायलिसिस सुरू केलं, आणि नमुना पुन्हा लाल यायला लागला. मी प्रत्येक वेळी आशेने सिरिंज ओढायचो. सर आत आले की मी ती खाली धरायचो, पण त्यांना रंग दिसायचा.  बाई एका दुपारी गेल्या, भेटीची वेळ चालू असताना, ताई आणि सर दोघं जवळ असताना. रक्त शेवटपर्यंत लाल होतं.

दफन लातूरलाच झालं. आमच्या जीपमधली सगळी पोरं पुन्हा आली, खांदा द्यायला. बाईंना बसलेल्या स्थितीत ठेवलं, लिंग हातात दिलं. मी माती लोटली आणि त्या दिवशी विभागात परत गेलो नाही.

काही दिवसांनी भेटायला गेलो तेव्हा सर एकटेच होते. ताई शाळेत. चहा त्यांनीच केला, साखर घालायला विसरले. मग म्हणाले, माझे तीन प्रश्न आहेत. तू बोलून सांगशील आणि मला ते पुरणार नाही, परत परत तेच विचारत राहीन. तू लिहून दे. पोरांचं रक्त दिलं असतं तर काय झालं असतं? ते बनवलेलं रक्त मिळालं असतं तर? तिसरा प्रश्न विचारताना ते कपाकडे बघत होते. आपण तिला आणायला उशीर केला का?

मी त्या आठवड्यात पुष्कळ कागद फाडले. शेवटी जे पाठवलं ते असं.

आदरणीय सरांना,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं लिहून देत आहे. जे माहीत आहे ते माहीत आहे म्हणून लिहितो, जे माहीत नाही ते तसंच.

पहिला प्रश्न. पोरांचं रक्त दिलं असतं तरी बाई वाचल्या नसत्या. त्यांच्या रक्तात प्राणवायू शेवटपर्यंत पुरेसा होता. रक्त देऊन आम्ही एक संकट आणखी वाढवलं असतं, कारण अशा अवस्थेत रक्त देण्याचेही त्रास होतात. पोरांचं रक्त पेढीतून दुसऱ्या रुग्णांना गेलं. कुणाला गेलं ते आम्हाला सांगत नाहीत. मी मित्राला फोन करून हे कळवलं आहे. तो म्हणाला, बरं झालं, वाया न्हाई गेलं.

दुसरा प्रश्न. ते बनवलेलं रक्त अजून तयार नाही. निरनिराळ्या प्रकारांनी लोक प्रयत्न करत आहेत. अपघातात रक्त वाहून गेलेल्या माणसासाठी कधीतरी ते उपयोगी पडेल, असं मला वाटतं. बाईंच्या आजारात ते उपयोगी पडलं असतं असं मला वाटत नाही. पण हे माझं मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. प्राणवायू पेशीच्या दारात असताना पेशी तो का घेत नाही, ती स्वतःला वाचवायला झोपी जाते की मरायला लागलेली असते, आणि तिला जागं कसं करायचं, हे आज कुणालाच नीट माहीत नाही. पाय काढल्यावर एक दिवस बाईंच्या पेशी जाग्या झाल्या. मग पुन्हा का नाही झाल्या, ते मला कळलेलं नाही. मी मोठ्या डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनाही कळलेलं नाही. तुम्ही मला फोनसाठी रागावला नाहीत. त्या दिवशी फोन लागला असता तरी तिकडून काही मिळालं नसतं, एवढं मी खात्रीने सांगतो.

तिसरा प्रश्न. हो सर, उशीर झाला. ताप येण्याआधी, जखम लहान असताना बाई आल्या असत्या तर कदाचित एखादं बोट गेलं असतं, कदाचित तेही नाही. ताप आल्यावर लगेच आल्या असत्या तर पाय गेला असता आणि बाई राहण्याची शक्यता बरीच जास्त होती. हे मी तुमच्यापासून लपवलं तर तुम्हाला ते कळेलच, आणि मग मी लिहिलेल्या बाकीच्या दोन उत्तरांवरही तुमचा विश्वास राहणार नाही.

पण उशीर झाला आणि तुम्ही उशीर केला, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बाईंना दुखत नव्हतं. ज्याला दुखत नाही तो सांगत नाही, आणि ज्याला सांगितलं नाही त्याला मोज्याच्या आतलं दिसत नाही. मोज्याच्या आत जखम होती त्या रविवारी मी स्वतः बाईंशी फोनवर बोललो होतो. मी रोज असे पाय बघतो. मलाही त्यांच्या आवाजात काही वेगळं जाणवलं नाही. त्या मला विचारत होत्या, कुरडया कधी न्यायला येतोस.

आता एक काम. तुमचीही साखर गेल्या वर्षापासून वाढलेली आहे आणि तुम्ही गोळ्या बाईंनी हातात दिल्या तरच घेत होता, हे ताईंनी सांगितलं. येत्या रविवारी मी फोन करणार नाही, घरी येणार आहे. रक्त तपासायला घेईन. मी येईन तेव्हा चपला-मोजे काढून, पाय स्वच्छ धुऊन, खिडकीजवळ उजेडात बसून राहा. या वेळी नुसता पाया पडून निघणार नाही. दोन्ही तळपाय नीट बघायचे आहेत, बोटांच्या मधलेसुद्धा.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
वसतिगृहातला